तिरमिझ बघताना या चुका टाळा

उझबेकिस्तानच्या दक्षिण टोकाला, अमूदर्या नदीच्या काठावर तिरमिझ आहे. पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा. बरेच जण सीमा बघायची म्हणून येतात, अर्धा दिवस हाताशी ठेवतात आणि खरं तिरमिझ न बघताच परततात. चंगीझखानाच्या सैन्याने १२२० मध्ये जुनं शहर उद्ध्वस्त केलं. त्याचे अवशेष आजच्या वस्तीबाहेर, दोन वेगळ्या दिशांना आहेत. त्यामुळे पूर्ण दीड-दोन दिवस लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संग्रहालय शेवटी ठेवणं. २००२ मध्ये सुरू झालेलं पुरातत्त्व संग्रहालय आधी बघा. बाहेरच्या स्थळांवर आता कच्च्या विटांच्या भिंतीच उरल्या आहेत, मूर्ती आणि खांबांचे तळखडे संग्रहालयांत गेले. फयाझतेपे या जुन्या बौद्ध विहाराच्या अवशेषांत सापडलेलं बुद्ध आणि दोन भिक्षूंचं प्रसिद्ध शिल्प तर मुळात ताश्कंदला आहे, इथे त्याची प्रतिकृती बघायला मिळते. हे डोक्यात नसेल तर फयाझतेपेवर पोचल्यावर ‘नुसती माती आहे’ असं वाटतं आणि माणूस दहा मिनिटांत गाडीत बसतो.

खरं तर तिथे तासभर थांबावं. मधल्या अंगणात पूजास्थान, एका बाजूला भिक्षूंच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला भोजनगृह अशी आखणी पायी फिरताना समजते. बाहेरचा घुमट नवा, संरक्षणासाठी बांधलेला आहे. मूळ छोटा स्तूप त्याच्या आत आहे. घुमटाचाच फोटो काढून पुढे जाऊ नका, आत डोकवा. जवळच्या कारातेपेत टेकडी कोरून केलेल्या खोल्या आहेत. कार्ले-कान्हेरी बघितलेल्या माणसाला त्या लगेच ओळखीच्या वाटतील. कुषाण काळातला हा विहार, आणि इथे ब्राह्मी-खरोष्ठी लेखही सापडलेत. ६३० च्या सुमारास ह्युएन त्संग तिरमिझमधून गेला, तेव्हा त्याने सुमारे दहा विहार आणि हजारेक भिक्षू नोंदवले.

पण कारातेपे सीमापट्ट्याला लागून आहे. परवानगी लागते का, हे आदल्या दिवशी हॉटेलमध्ये किंवा वाटाड्याला विचारा. आयत्या वेळी तिथून परत फिरावं लागतं. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो तपासणीत चालेलच असं नाही. अफगाणिस्तानला जाणारा मैत्री पूल, कुंपण, चौक्या आणि सैनिक यांचे फोटो काढू नका. १५ फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातली शेवटची सोव्हिएत तुकडी याच पुलावरून परतली, म्हणून मोह होतो. पण कॅमेरा बाहेर काढलात तर चौकशीत वेळ जाईल.

दुसरा घोळ नावांचा. शहराजवळचा दर्गा हकीम अत-तिरमिझी या सूफींचा. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, त्यांचे संकलक इमाम अबू ईसा तिरमिझी वेगळे, त्यांची कबर शेराबादजवळ, बरीच उत्तरेला आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘तिरमिझी’ म्हणालात तर कुठेही पोचाल. पूर्ण नाव सांगा.

टॅक्सी फक्त जाण्यापुरती ठरवू नका, अवशेषांपाशी परतीचं वाहन मिळत नाही. एका सकाळी झुरमाला स्तूप, फयाझतेपे, कारातेपे आणि हकीम दर्गा, आणि दुसऱ्या फेरीत सुलतान सओदत हा कबरींचा समूह आणि किर्क किझ ही कच्च्या विटांची पडकी वास्तू, असा थांबण्यासकट दर आधीच बोला. झुरमाला शेतात उभा आहे, पक्की वाट नाही. बूट घाला, पीक तुडवू नका. कच्च्या विटांच्या कुठल्याच भिंतीवर चढू नका, पायाखालच्या कडा ढासळतात. दर्ग्यांत अंग झाकणारे कपडे हवेत. बायकांनी ओढणी सोबत ठेवावी.

जून ते ऑगस्ट टाळा. पारा ४० च्या वर जातो आणि अवशेषांवर सावलीचा पत्ता नसतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम.

समरकंदला जाणारी वेगवान अफ्रोसियोब रेल्वे इथवर येत नाही. ताश्कंदहून रात्रीची रेल्वे किंवा विमान घ्या. भारतीयांनी ई-व्हिसा आधी काढावा. कुणाच्या घरी उतरणार असाल तर मुक्कामाची नोंदणी यजमानाकडून करून घ्या. हॉटेलात ती तिथलेच लोक करतात.

शाकाहारी असाल तर ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करा. तरीही सूपाचा रस्सा बहुधा मांसाचाच असतो, तेव्हा ते टाळा. भोपळ्याचा सोमसा (समोशासारखा भाजलेला पदार्थ), ताजी नान आणि टोमॅटो-कांद्याची अचिक-चुचुक कोशिंबीर यांवर पोट नीट भरतं.