एपीआय ११६९ ची तयारी: कोड घोकण्याआधी दोन रकाने आखा

एपीआय ११६९ ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची (एपीआय), नव्या पाइपलाइनच्या बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या इन्स्पेक्टरची परीक्षा. तिच्याबद्दल मिळणारा सर्वात वाईट सल्ला म्हणजे "प्रश्नसंच मिळवा आणि घोका". त्याच्या खालोखाल, "साइटचा अनुभव आहे ना, मग निभावेल". अनुभवी माणूस इथे अडतो तो बरेचदा अनुभवामुळेच. साइटवर आपण कंपनीच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे काम करतो, आणि ते बहुधा नियमापेक्षा कडक असतं. वर्षानुवर्षं प्रत्येक वेल्डचा एक्स-रे पाहिलेल्या माणसाला "किमान किती?" असं विचारलं की तो सवयीने १०० टक्के म्हणतो. परीक्षेला हवा असतो नियमातला किमान आकडा.

आधी कागद. एपीआय या परीक्षेचा अभ्यासक्रम आणि ग्राह्य प्रकाशनांची यादी जाहीर करतं. यादीत ज्या आवृत्तीचं नाव आहे तीच वाचायची, त्यानंतर नवी आली असली तरी. अमेरिकी संघीय नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे कुणाच्या हस्तलिखित नोट्सच्या फोटोंवर विसंबू नका.

मग वाचन. पुस्तकांच्या क्रमाने वाचू नका, कामाच्या क्रमाने वाचा. आखणी, सफाई, ग्रेडिंग, स्ट्रिंगिंग (पाइप मार्गावर ओळीने मांडणं), बेंडिंग, वेल्डिंग, एनडीटी (वेल्ड न तोडता एक्स-रेसारखी तपासणी), जॉइंट कोटिंग, खोदकाम, लोअरिंग (पाइप चरात उतरवणं), बॅकफिल (चर बुजवणं), टाय-इन (लाइनचे तयार भाग एकमेकांना जोडणं), हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी), जागा पूर्ववत करणं: प्रत्येकाला वहीचं एक पान द्या आणि त्या कामाबद्दल कुठला दस्तऐवज काय म्हणतो ते त्याच पानावर उतरवा. साइटवर काम ज्या क्रमाने डोळ्यांसमोरून जातं, त्याच क्रमाने आकडे लक्षात राहतात.

खरी अडचण: १९२ की १९५?

संघीय नियमांच्या शीर्षक ४९ मध्ये भाग १९२ गॅसच्या पाइपलाइनसाठी आहे आणि भाग १९५ घातक द्रवांच्या. दोन्ही एकाच कामांबद्दल बोलतात, भाषा जवळजवळ सारखी, आणि आकडे मात्र जागोजागी वेगळे. मलाही सर्वात जास्त झगडावं लागलं ते इथेच. एक भाग पूर्ण वाचून मग दुसरा वाचला की पहिल्याचे आकडे दुसऱ्यात मिसळतात. कितीही वेळा वाचा, मिसळतातच. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे गॅस, उजवीकडे द्रव.

हायड्रोटेस्टचं पान घ्या. गॅसची स्टील लाइन किमान विहित यील्ड स्ट्रेंग्थच्या (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकू लागतं त्याच्या) ३० टक्के किंवा त्याहून जास्त ताणावर चालणार असेल, तर चाचणीचा दाब किमान ८ तास धरायचा. द्रवाच्या लाइनला कमाल कार्यदाबाच्या १२५ टक्क्यांवर सलग ४ तास, आणि चाचणीदरम्यान गळती डोळ्यांनी तपासता येत नसेल तर ११० टक्क्यांवर आणखी ४ तास. पुरलेल्या लाइनला दोन्हीकडे बेरीज आठच येते, म्हणून लोक "सगळीकडे आठ तास" असं लिहून मोकळे होतात. प्रश्न नेमका हाच खड्डा शोधतो: द्रवाची लाइन उघडी आहे, गळती डोळ्यांनी तपासता येते आहे, मग किती? चार. आणि गॅसमध्येही चार तास आहेतच: बसवल्यानंतर चाचणी घेणं व्यवहार्य नसलेल्या छोट्या तुकड्यांच्या आणि फॅब्रिकेटेड (आधीच जोडून तयार केलेल्या) युनिटच्या पूर्वचाचणीला. नुसता आकडा पाठ करणारा इथे हमखास पडतो. आकड्याबरोबर त्याची अटही लिहा.

एनडीटीचं पानही असंच. गॅसमध्ये दिवसभरात झालेल्या फील्ड बट वेल्डपैकी (साइटवर पाइपची टोकं जोडणारे वेल्ड) क्लास १ मध्ये (क्लास म्हणजे वस्तीच्या दाटीनुसार वर्ग, ते पुढे येतात) किमान १० टक्के, क्लास २ मध्ये १५ टक्के. क्लास ३ आणि ४ मध्ये, तसंच मोठ्या नद्यांखाली आणि रेल्वे व महामार्गांच्या हद्दीत १०० टक्के, अव्यवहार्य ठरलं तरी ९० च्या खाली नाही. द्रवात साधारणपणे किमान १० टक्के, पण प्रत्येक वेल्डरने त्या दिवशी केलेल्या वेल्डचे. टाय-इन मात्र दोन्हीकडे १०० टक्के.

हे क्लास फक्त गॅसचे. लाइनच्या दोन्ही बाजूंना २२० यार्ड आणि लांबीला एक मैल अशा पट्ट्यात माणसांच्या वापरातल्या १० पर्यंत इमारती असतील तर क्लास १, ४६ किंवा जास्त असतील तर क्लास ३, मधले क्लास २. चार किंवा जास्त मजल्यांच्या इमारतींचंच प्राबल्य असेल तर क्लास ४. पाइपवरच्या मातीची खोली गॅस लाइनला या क्लासवरून ठरते: साध्या जमिनीत क्लास १ ला ३० इंच, बाकीच्यांना ३६. द्रवाच्या लाइनला वस्ती आणि उद्योगाच्या भागात ३६ इंच, १०० फूट किंवा त्याहून रुंद जलप्रवाहाखाली ४८. प्रश्नात कच्चं तेल दिलं असेल आणि पर्यायात क्लास २ दिसला, तर तो पर्याय आधी खोडा.

पान भरलं म्हणजे अभ्यास झाला, असं मानू नका. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून आठवणीतून भरा आणि चुकलेला चौकोन लाल पेनाने दुरुस्त करा. सलग काही दिवस लाल शाई लागली नाही, तरच पुढच्या पानाकडे जा. रंगीत मार्करने ओळी रंगवून यातलं काही साधत नाही.

आणि आकडे फूट-इंचातच पाठ करा. मेट्रिकची सवय असेल तर रूपांतराच्या नादात दीड इंच इकडचा तिकडे होतो.

सुरक्षा आणि बाकीचं

खोदकामाचे आकडे एकत्र लिहा, कारण ते एकमेकांना खेटून आहेत. उपसलेली माती काठापासून किमान २ फूट लांब. ४ फूट खोलीपासून शिडी किंवा बाहेर पडायची सोय, कामगाराला आडवं २५ फुटांपेक्षा जास्त जावं लागू नये. ५ फुटांपासून संरक्षक व्यवस्था, अखंड खडक सोडून. त्याहून उथळ चरातही माती ढासळायची चिन्हं दिसली तर लागतेच. २० फुटांपुढे तिचं डिझाइन नोंदणीकृत इंजिनियरचं. हे आकडे परीक्षेपुरते धरू नका. चराच्या काठावर काम थांबवायचं की नाही, हे त्या क्षणी तुम्हालाच सांगायचं असतं.

एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या मानकातले वेल्ड स्वीकारण्याचे निकष पाठच हवेत. अंडरकटची (वेल्डच्या कडेला पडलेल्या खाचेची) खोली जास्तीत जास्त १/३२ इंच किंवा भिंतीच्या जाडीच्या १२.५ टक्के, यातलं जे कमी ते. "जे कमी ते" विसरलात तर पातळ पाइपचा प्रश्न गेला.

भूमिगत सेवांच्या खुणांचे रंग: वीज लाल, गॅस आणि तेल पिवळा, दूरसंचार केशरी, पिण्याचं पाणी निळा, सांडपाणी हिरवा. पर्यावरणाचे नियम दोनदा शांतपणे वाचा, पुरे.

परीक्षेत तीन तासांत ११५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाहून थोडं जास्त. गुण १०० प्रश्नांनाच, उरलेले १५ फक्त आजमावून पाहण्यासाठी घातलेले असतात आणि ते कोणते हे कळत नाही. त्यामुळे अगदी अनोळखी प्रश्न आला तर एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे चला. शेवटच्या फेरीत खूण केलेल्या प्रश्नांत आधी एवढंच पाहा: लाइन गॅसची आहे की द्रवाची.