सिम्युलेटरवर जायच्या आधी काय काय जमवायचं

जहाज बंदरात आणायची रंगीत तालीम कॉम्प्युटरवर होते त्या सिम्युलेटर सेंटरचे पाच दिवस बुक झाले की सगळ्यांना वाटतं झाली तयारी. तयारी खरं तर तिथून सुरू होते, आणि ती अर्धवट राहिली तर पाच दिवस महागडा व्हिडिओ गेम खेळून परत यायचं एवढंच.

सगळ्यात आधी प्रश्न लिहून काढा, कागदावर, एका वाक्यात. "नवीन टर्मिनल सेफ आहे का" हा प्रश्नच नाही. "366 मीटर लांब, 49 मीटर रुंद, 15.2 मीटर ड्राफ्टचं कंटेनर जहाज 25 नॉट वाऱ्यात तीन टग घेऊन या बेसिनमध्ये वळेल का" याला प्रश्न म्हणतात (ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते, नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, टग म्हणजे जहाजाला ओढणारी-ढकलणारी छोटी जोरदार बोट, बेसिन म्हणजे बंदरातली जहाज वळवायची जागा). सोबत पास-नापास कशावर ठरणार तेही आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तळाखाली किती पाणी उरलं पाहिजे, बोयापासून (रस्ता दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपासून) किती लांब राहायचं, टगची किती ताकद हातात शिल्लक पाहिजे. हे नंतरवर ढकललं की प्रत्येक रन, म्हणजे सिम्युलेटरवरची एकेक फेरी, "तसा बराच झाला" या सदरात जातो.

मग खोलीचा डेटा, आणि इथे जरा जास्त वेळ द्या कारण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सर्व्हे कधीचा, त्यानंतर गाळ किती बसला, आणि मुख्य म्हणजे खोली कुठल्या पातळीपासून मोजलीय. आमच्या एका कामात आकडे सरासरी समुद्रपातळीपासूनचे होते आणि मॉडेलमध्ये ते चार्ट डेटमचे (नकाशावरच्या खोल्या मोजतात त्या ओहोटीच्या खालच्या पातळीचे) समजून भरले गेले, वर भरतीचं पाणी वेगळं मिळवलं, त्यामुळे जहाज दोन दिवस इतकं मस्त चाललं की सगळे खूश. शेवटी एक पायलट (बंदरात जहाज आत-बाहेर नेणारा वाटाड्या) म्हणाला, "साहेब, या कोपऱ्यात एवढं पाणी मी जन्मात बघितलं नाही." दोन दिवस गेले पाण्यात, शब्दशः. स्क्वॉटचं, म्हणजे चालतं जहाज उथळ पाण्यात किती खाली बसतं त्याचं गणित पण हातानं एकदा करून बघा. ढोबळ सूत्र असं की ब्लॉक कोएफिशियंट (जहाजाचा बुडालेला भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ जातो तो आकडा) 0.8 असेल तर 10 नॉटला मोकळ्या उथळ पाण्यात जहाज साधारण 80 सेंटिमीटर खाली बसतं, अरुंद चॅनलमध्ये जवळपास दुप्पट, आणि वेग निम्मा केला की हा आकडा चौथाईवर येतो. सिम्युलेटर याच्या आसपास पण येत नसेल तर रन सुरूच करू नका.

वाऱ्याचे आकडे बहुतेक वेळा 10 मीटर उंचीवरचे असतात, कंटेनरची थप्पी त्याच्या कितीतरी वर जाते, तेव्हा आकडे कुठल्या उंचीचे ते विचारून घ्या. वर लिहिलंय त्या जहाजाची बाजू 15,000 चौरस मीटर धरली तर 25 नॉटचा आडवा वारा अंदाजे 150 टनांनी ढकलतो, म्हणजे दोन-तीन दणकट टग नुसते वाऱ्याशी झुंजण्यातच संपले.

प्रवाहाचा डेटा मात्र एकच सरासरी आकडा असेल तर सरळ परत पाठवा. ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) तोंडाशी नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, आत शांत पाण्यात शिरलेली असते आणि मागचा भाग अजून बाहेरच्या आडव्या प्रवाहात, त्यामुळे मागचं अंग बाजूला ढकललं जातं आणि जहाज स्वतःभोवती फिरायला लागतं, बघता बघता सुकाणू पूर्ण टोकाला. डेटा जाडाभरडा असला तर हे दिसतच नाही आणि एंट्री एकदम सोपी वाटते.

टग नुसते बाण म्हणून दाखवणार असतील तर विचारा की बाणाला पूर्ण जोर लगेच मिळतो का, कारण खऱ्या टगला जागा बदलायला वेळ लागतो आणि लाटांमध्ये, वेगात त्याची ओढ घटते. जमलं तर टगचा मास्टर (कप्तान) स्वतः सिम्युलेटरच्या दुसऱ्या ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) बसवा.

माणसं म्हणजे त्याच बंदराचे पायलट, डिझाइनवाले नाहीत. त्यांना आधी विचारा ते कशावर नजर ठेवून वळतात, कारण ते लीडिंग लाइटइतकंच (एका रेषेत धरून वाट दाखवणाऱ्या दिव्यांइतकंच) एखाद्या कारखान्याच्या चिमणीवर किंवा गोदामाच्या कोपऱ्यावर चालतात आणि ती चिमणी चित्रात नसली की माणूस हरवतो. दिवसाला पाच-सहा रनच्या वर जाऊ नका. आणि बेसिनचा व्यास जहाजाच्या लांबीच्या दुप्पट वगैरे ढोबळ तपासणी फास्ट-टाइम रनमध्ये (माणसाशिवाय कॉम्प्युटर झटपट चालवतो त्या रनमध्ये) आधीच उरकून टाका, त्यासाठी पायलटचा वेळ कशाला.

बिघाडाचे रन शेवटच्या दुपारी उरकतात सगळे, तसं करू नका, दुसऱ्याच दिवशी घ्या. इंजिन बंद, सुकाणू अडकलं, टगचा दोर तुटला, पूर्ण ब्लॅकआउट, आणि पायलटला आधी सांगायचं नाही. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरला डाली जहाजाची वीज गेली आणि जेमतेम चार मिनिटांत पुलाचा खांब आला, टग त्याआधीच सोडलेले होते. तेव्हा टग नक्की कुठे सोडायचे हा मुद्दा पण यादीत घ्या. एव्हर गिव्हन 2021 मध्ये सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं तेव्हापासून काठाच्या ओढीबद्दल सगळे बोलतात, पण मॉडेलमध्ये ही ओढ, म्हणजे बँक इफेक्ट, चालू आहे का हे बघायला विसरतात. तो एक टिकमार्क असतो सेटिंगमध्ये, कधीकधी बंदच असतो.

शेवटी प्रत्येक रन संपला की पायलट चहाला उठायच्या आत त्याच्याकडून फॉर्म भरून घ्या, आणि फसलेल्या रनचे प्लॉट वेगळ्या फोल्डरमध्ये, रिपोर्ट पाठवताना सगळ्यात आधी तेच गाळले जातात.