युटामध्ये कोणी मॉर्मन चर्चला बोलावलं तर काय करायचं

अमेरिकेतल्या युटा राज्यात शिकायला किंवा नोकरीला आलात की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी चर्चला बोलावणारच. लॅबमधला मित्र, शेजारच्या आजी, नाहीतर रस्त्यात भेटलेली ती दोन मिशनरी पोरं, म्हणजे धर्मप्रचाराला निघालेली, पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नेमप्लेट. मी युटातल्या प्रोव्हो शहरात असताना तीन वेळा टाळलं, चौथ्यांदा कारणंच संपली म्हणून गेलो, आणि नंतर अधूनमधून जातच राहिलो. धर्म वगैरे काही बदलला नाही, अजूनही चतुर्थी करतो.

आधी नावाचं बघा. या ख्रिस्ती पंथाला आपण सर्रास मॉर्मन म्हणतो पण २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की हे टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. बोलताना एवढं कोण म्हणणार, मी सरळ 'तुमचं चर्च' म्हणतो, भागतं. मॉर्मन म्हणालात म्हणून कोणी चिडत नाही तसं.

दुसरं म्हणजे टेम्पल आणि चर्च यात घोळ करू नका. सोनेरी पुतळा असलेलं ते मोठं पांढरं टेम्पल दिसतं ना, ते रविवारी बंद असतं, आणि एरवीही आत फक्त त्यांचे सभासद, तेही रेकमेंड नावाचं कार्ड असेल तरच. सॉल्ट लेकचं टेम्पल बांधायला १८५३ ते १८९३ अशी ४० वर्षं लागली, बाहेरून जरूर बघा, पण रविवारची सभा असते ती गल्लीतल्या साध्या विटांच्या इमारतीत, तिला मीटिंगहाउस म्हणतात. वर टोकदार मनोरा असतो पण क्रॉस नसतो, त्यामुळे मला पहिल्यांदा ती शाळा वाटली होती. आत मागच्या बाजूला चक्क बास्केटबॉलचं कोर्ट असतं.

कुठल्या सभेला जायचं हे तुमच्या पत्त्यावरून ठरतं. एका भागातल्या लोकांचा मिळून एक वॉर्ड, आपल्या नगरपालिकेच्या वॉर्डासारखंच समजा, आणि एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड वेगवेगळ्या वेळी भरतात. म्हणजे तुमची सभा नऊला असताना अकराला पोचलात तर भलत्याच लोकांत बसाल. त्यांच्या साइटवर पत्ता टाकला की वॉर्ड आणि वेळ कळते, आणि अविवाहित तरुणांचे वेगळे वॉर्डही असतात. पण खरं सांगू, बोलावणाऱ्यालाच म्हणा गाडीतून घेऊन जा, रविवारी बस कमी असतात. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला मात्र जाऊ नका, तेव्हा त्यांची जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या चर्चची मिळून मोठी सभा असते, वॉर्डातली सभा नसते आणि बरेच जण घरीच टीव्हीसमोर बसलेले असतात.

कपडे फॉर्मल. पुरुष बहुतेक पांढरा शर्ट टाय, बायका ड्रेस किंवा स्कर्ट. जीन्स घालून गेलात तर कोणी हाकलणार नाही पण तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. सलवार कुर्ता, साडी बिनधास्त चालते, उलट चार जणी येऊन कापड हातात घेऊन बघतील.

आता मुख्य भाग. पूर्वी तीन तास असायचं, २०१९ च्या जानेवारीपासून दोन तास केलं. पहिला तास सगळ्यांचा एकत्र, त्याला सॅक्रामेंट मीटिंग म्हणतात, दुसऱ्या तासात वर्ग असतात. पहिल्या तासानंतर निघालात तरी चालतं, आणि मी तर म्हणेन पहिल्या वेळी निघाच, कारण वर्गात ओळख करून द्यायला लावतात. पगारी पाद्री नसतो, वॉर्डाचा प्रमुख म्हणजे बिशप, तोही तुमच्या-आमच्यासारखा नोकरी करणारा माणूस, आणि भाषणंही सभासदच करतात, त्यामुळे कधी छान, कधी झोप येईल असं. लहान पोरं रडत असतात, चीरिओज (नाश्त्याचं सीरियल) सांडत असतात, शांत वगैरे वातावरण डोक्यात ठेवून जाऊ नका.

मधे प्रार्थना करून पाव आणि पाणी फिरवतात. हो, पाणीच, वाइन नाही. बारा-तेरा वर्षांची मुलं ट्रे घेऊन येतात, साध्या स्लाइस ब्रेडचे तुकडे. ते उजव्या हाताने घेतात, अगदी प्रसादासारखं, त्यामुळे माझा हात आपोआप पुढे गेला होता. पाहुण्याने घेतलं तर कोणी अडवत नाही पण ते मुळात सभासदांसाठी आहे, त्यांच्या लेखी ते देवाला दिलेलं वचन असतं. तेव्हा ट्रे घ्यायचा आणि हसून शेजाऱ्याकडे सरकवायचा, झालं. दानपेटी फिरत नाही, खिशात सुट्टे शोधू नका.

महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा असतो, दोन जेवणं सोडतात आणि पाणीही पीत नाहीत. मला हे माहीत नव्हतं, मी नेमका त्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन गेलो आणि सगळे तोंडाला पाणी सुटलेल्या चेहऱ्याने नो थँक यू म्हणत होते. शेवटी एका आजोबांनी डबाच घरी नेला, संध्याकाळी उपवास सोडायला. त्या रविवारी भाषणं ठरलेली नसतात, ज्याला वाटेल तो उठून श्रद्धेबद्दल बोलतो, बरेच जण रडतात. तुम्ही उठायची गरज नाही.

शाकाहारी असाल तर त्यांच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सांभाळून. हिरवी जेली दिसली की थांबा, त्यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. फ्युनरल पोटॅटोज म्हणून बटाटा-चीजचा एक भारी प्रकार असतो, वर कॉर्नफ्लेक्स, पण त्यात बऱ्याचदा चिकनचं सूप घालतात. विचारून घ्या, आनंदाने सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मिशनरी पोरांनी पुढच्या आठवड्यात भेटू का, बाप्तिस्म्याचा (त्यांच्या चर्चमध्ये घेण्याच्या विधीचा) विचार कराल का असं विचारलं तर आपलं नेहमीचं 'बघू' म्हणू नका. आपल्याकडे बघू म्हणजे नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, तिकडे 'आय विल सी' म्हटलं की वहीत तारीख पडते. माझ्या रूममेटने तीन आठवडे बघू केलं आणि मग त्यांना बघून लायब्ररीत लपायला लागला. स्पष्ट सांगा, मला धर्म बदलायचा नाही, मैत्री चालेल. वाईट वाटत नाही त्यांना, दिवसभर नकारच ऐकत असतात बिचारे.

घरापासून लांब, विशीच्या आसपासची पोरं असतात ती, स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या पैशाने आलेली. एकदा वरणभाताला बोलवा. फक्त चहा-कॉफी विचारू नका, त्यांना चालत नाही. मसाला दूध द्या, दोन-दोन ग्लास पितात.