इलेक्ट्रिक बाइकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: रोटरचा इनर्शिया विसरू नका

इलेक्ट्रिक मोटारसायकलसाठी दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स करायला घेतला, तेव्हा मला पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स चांगला येत होता. तेच नडलं.

घाटात टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि हायवेला वेग एकाच रेशोत (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे) बसवायचा तर मोटर मोठी लागते, म्हणून गिअर. हे तुम्हाला ठाऊक आहेच. रेशो काढणं एका संध्याकाळचं काम. खरी मेख शिफ्टमध्ये, म्हणजे गिअर बदलण्यात आहे.

माझा पहिला रेशो १२, दुसरा ७, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. ताशी ४० किमीला पहिल्या गिअरमध्ये मोटर सुमारे ४,२४० आरपीएमवर असते; दुसऱ्यासाठी ती २,४८० च्या आसपास यायला हवी. पेट्रोल गाडीत हा फरक क्लच घसरून पचवतो. मी क्लच ठेवलाच नव्हता, डॉग, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारा दातांचा तुकडा, थेट घुसवला. रोटरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) ०.०१ किलोग्रॅम-मीटर वर्ग. एवढासा आकडा म्हणून हिशेबात धरला नाही. पण डॉगनं ५ मिलिसेकंदांत पकड घेतली, तर तेवढ्यात १८५ रेडियन प्रति सेकंद उतरवायला ३७० न्यूटन-मीटर लागतात. मोटरचा कमाल टॉर्क ४०, आणि मी सगळं त्या ४० वर बेतलेलं! बेंचवर तिसऱ्या दिवशी बॉक्स खोलला, तर डॉगच्या दातांचे कोपरे उडालेले आणि तेलात चमचमता चुरा. फिटर काकांनी तो बोटावर घेऊन दाखवला. "गिअर लागत नाही हा, आदळतोय."

म्हणून क्रम पाळाच. आधी टॉर्क शून्यावर आणा, मग डॉग बाहेर काढा. मोकळ्या मोटरला २० न्यूटन-मीटरनं उलटा ब्रेक द्या, ०.०९ सेकंदात वेग जुळतो. मगच डॉग आत घाला आणि टॉर्क हळूहळू चढवा. कंट्रोलरला शून्य सांगितलं म्हणजे शाफ्टवर लगेच शून्य झालं असं धरू नका. मोजा. टॉर्कखाली दाबलेला डॉग निघत नाही.

सिम्युलेशनवर विसंबून पहिल्याच झटक्यात चार गिअरचा बॉक्स करायला घेऊ नका. ज्यानं स्वतःच्या हातानं बॉक्स खोललेला नाही असा गाइड घेऊ नका, मग त्याची पदवी कितीही मोठी असो.

आणि दात तुटले तर खचू नका. पहिल्या टेस्ला रोडस्टर या इलेक्ट्रिक कारचा दोन गिअरचा बॉक्सही टिकला नाही. शेवटी एकाच गिअरवर जावं लागलं. तिथे तर माणसं, पैसा, सगळं होतं.

नव्या क्रमानं पहिली शिफ्ट घेतली तेव्हा काकांचा हात केसिंगवर होता. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "दुसरा कधी टाकताय?" तो लागून गेला होता.