क्रेनवर नवीन आलेल्या पोरांसाठी : हुक लावायच्या आधी काय बघायचं

सोलापुरातून चारी बाजूंना हायवे फुटलेत, पुणे-हैदराबादचा 65, विजापूर आणि तुळजापूरकडं जाणारा 52, सांगलीकडून येणारा 166, त्यामुळं इथं क्रेनवाल्याला काम कमी पडत नाही आणि दरवर्षी चार-दोन नवीन पोरं येतातच, उस्ताद मला पण शिकायचंय म्हणून. सगळ्यांना वाटतं विंच, म्हणजे ड्रमवर रोप (तारेचा दोर) गुंडाळून गाडी ओढायचं मशीन, चालवायला आला की झालं. विंच आठ दिवसात येतो हो. पडलेली गाडी बघायची कशी हे यायला वर्षं जातात, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितोय.

कागदाचं आधी उरकून टाकू. कारचं लायसन 1 वर्ष जुनं पाहिजे, वय 20 पूर्ण पाहिजे, मग मेडिकल देऊन हेवी ट्रान्सपोर्टचं काढा, ते दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं. लायसन हातात आलं म्हणून लगेच सीटवर बसू नका, निदान एक ऊस हंगाम हेल्पर म्हणून काढा. नोव्हेंबर ते मार्च डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि ऊसाचे ट्रक एवढे पलटी होतात की शाळेत जायची गरज नाही.

फोन आला की समोरचा फक्त "गाडी आडवी झालीय, लवकर या" एवढंच बोलतो. घाई करू नका, विचारा. किती चाकी, भरलेली का रिकामी, माल काय, उभी आहे का पलटी, रस्त्यावर आहे का शेतात, चाकं फिरतायत का. सहा चाकी भरून साडेअठरा-एकोणीस टन धरा, दहा चाकी साडेअठ्ठावीसच्या आसपास, सोळा चाकी साडेसत्तेचाळीस, आणि हे झालं कायद्याचं वजन, खरं वजन काट्याच्या पावतीवर असतं तर ती मागून घ्या. भरलेल्या सोळा चाकीला हायड्रा (छोटी चाकाची क्रेन) घेऊन गेलात तर थोड्या वेळानं तुम्हालाच उचलायला दुसरी क्रेन बोलवावी लागेल.

जागेवर पोचलात की पहिली 15 मिनिटं हुकाला हात लावायचा नाही. कोणी अडकलंय का, जखमी आहे का ते बघा, असेल तर 108 आणि 112, नॅशनल हायवेवर 1033 पण आहे. कोन आणि लाल त्रिकोण मागं शंभर-दीडशे पावलं लांब ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं, वळणात नाही. पंचनामा व्हायच्या आधी गाडी हलवू नका, मालक कितीही मागं लागला तरी. आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा, बंपर आधीच तुटला होता का तुम्ही तोडला हे भांडण नंतर हमखास होतं.

ड्रायव्हरला बाजूला बसवून पाणी द्या. आपल्याकडं निम्मे ड्रायव्हर कर्नाटक आणि तेलंगणाचे, कानडीत "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) एवढं जरी विचारलं ना की माणूस जरा शुद्धीवर येतो आणि मग खरं सांगतो, गिअरमध्ये आहे का, ब्रेक जाम झालाय का, माल सरकलाय का. ही माहिती मालकाकडं फोनवर मिळत नाही.

टँकर असेल तर अजून थांबा. मागची पाटी वाचा, 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 एलपीजी, 1170 इथेनॉल, आणि साखर कारखान्यांमुळं इथेनॉलचे टँकर आपल्या भागात भरपूर. गळती दिसली की इंजिन बंद, बिडी बंद, फायर ब्रिगेड येईपर्यंत लांब. मळीचा किंवा दुधाचा टँकर पेटत नाही पण अर्धा भरलेला असला की उचलताना आतला माल एका बाजूला धावतो आणि सगळा अंदाज चुकतो.

आता आपला सोलापूरचा खास विषय, काळी माती. पावसाळ्यात साईडपट्टीवरून खाली उतरलेली गाडी म्हणजे डोक्याला ताप. हिशोब असा धरतात की चाकाएवढी रुतली असेल तर गाडीच्या वजनाएवढाच ओढ लागतो, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, बॉडीपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे 28 टनाची गाडी मडगार्डपर्यंत रुतली तर 56 टन. हे मला बोरामणीच्या पुढं कळलं, ट्रेलर रुतला होता, मी म्हटलं निघेल की, सरळ पुढच्या हुकाला रोप लावला आणि दिला ताण, हुक चेसिसमधून उपटून माझ्याच काचेवर आला. मी आत वाकलो होतो म्हणून आज लिहितोय. तेव्हापासून आधी फावडं. चाकाच्या पुढं उतार खणा, फळ्या नाहीतर ऊसाचं पाचट टाका, जमेल तेवढा माल उतरवा, मग पुली लावून रोप डबल करा. गाडीवर अशी एक पुली बसवली की ओढ जवळजवळ दुप्पट होतो, वेग निम्मा होतो, आणि वेग निम्मा झालेला चांगलाच असतो. आपल्या क्रेनच्या चाकांना पण गुटके (सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे) लावा, नाहीतर गाडी जागेवर आणि तुम्ही शेतात.

विंचचं अजून एक, ड्रमवर खालच्या थरात ताकद सगळ्यात जास्त असते, वर वर गुंडाळत गेलं की कमी होते, पण म्हणून रोप पूर्ण सोडायचा नाही, 4-5 वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. ताण आलेल्या रोपावर मध्यभागी ओलं पोतं टाका, तुटला तर उडी कमी मारतो. आणि रोप जेवढा लांब तेवढ्या अंतरात एक माणूस उभा नको, व्हिडिओ काढणारे तर अजिबात नकोत. कांद्याचा नाहीतर डाळिंबाचा ट्रक पलटी झाला की गर्दी कशाला जमते ते सांगायला नको, पोलीस असल्याशिवाय तिथं काम सुरू करू नका.

पलटी गाडी उभी करताना बेल्ट चेसिसला आणि एक्सलला, हौद्याला (माल भरायच्या बॉडीला) नाही, हौदा हातात येतो आणि गाडी तिथंच राहते. दोन बेल्टमधला कोन जास्त उघडू देऊ नका. दोन्ही बेल्ट पसरून मधला कोन 120 डिग्री झाला की प्रत्येक बेल्टवर पूर्ण वजन येतं, अर्धं अर्धं नाही, हे लक्षात ठेवा बाबांनो. आणि दुसऱ्या बाजूनं एक रोप धरून ठेवणारा पाहिजेच, कारण गाडी अर्ध्याच्या पुढं आली की स्वतःच धाडकन पडते आणि तेव्हा पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि एक्सल मोडतात. बॅटरीची वायर सगळ्यात आधी काढा.

उभी झाली, आता न्यायची. प्रेशर नसेल तर मागचे ब्रेक स्प्रिंगनं जाम असतात, आपल्या गाडीतून हवेचा पाईप द्या नाहीतर बूस्टरचा (चाकाजवळचा ब्रेकचा डबा, ती स्प्रिंग त्यातच असते) बोल्ट फिरवून सोडवा. बूस्टरचा पट्टा मात्र खोलायचा नाही, आतली स्प्रिंग माणूस मारते. ब्रेक सोडवायच्या आधी चाकाला गुटका, हे विसरलात तर तुळजापूरच्या घाटात गाडी तुमच्या आधी खाली पोचेल. मागची चाकं रस्त्यावर फिरणार असतील तर प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) काढा, इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला ऑइल नीट जात नाही आणि मोहोळहून सोलापूर येईपर्यंत बॉक्स जळतो, मग ते बिल तुमच्या नावावर. दोरानं ओढत असाल तर दोन गाड्यांत 5 मीटरच्या वर अंतर नको आणि मागं "ऑन टो" ची पाटी. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यांवर जड गाड्या वळवतात, निघायच्या आधी विचारून घ्या.

पैशाचं बोलणं हुक लावायच्या आधी, नंतर नाही. किती तास, रिकामं परत यायचं किती, माल उतरवायला माणसं कोण देणार. विमा कंपनी देईल असं कोणी म्हणालं तर ते मालक आणि कंपनी बघून घेतील, तुम्ही तुमची पावती घ्या.

केबिनमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी कायम ठेवा, आठवडाभर काही होत नाही आणि रात्री 3 वाजता टेंभुर्णीच्या पुढं ढाबा उघडा असेलच असं नाही. आणि काम झालं की कितीही झोप आली तरी रोप चिखलातून पुसून, तुटलेल्या तारा बघून, ग्रीस लावूनच गुंडाळा, पुढचा फोन बहुतेक आंघोळीला बसलात की येतो.