जुनं डॉस मशीन नव्या दमाचं करताना: आधी डेटा, मग डिस्क, मग मेमरी

नागपूरच्या इतवारी किंवा गांधीबागेतल्या एखाद्या ठोक दुकानात क्लिपर या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेला बिलिंग प्रोग्राम अजून नीट चालत असेल, तर त्याला हात लावू नका. त्याच्याखालचं डॉस (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि डिस्क बदला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बिनएसी दुकानातल्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या डिस्कचा भरवसा धरता येत नाही.

मशीन चालू करून कॉपी मारत बसू नका. डिस्क काढा, तिच्या मागची जंपर ही छोटी पिनजोडणी 'मास्टर'वर ठेवा ('स्लेव्ह'वर असेल तर जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारे बरेच कन्व्हर्टर ती ओळखत नाहीत) आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या. तो वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि खराब सेक्टरकडे नंतर वळतो. क्लिपरच्या डीबीएफ फाइलींमध्ये डेटा असतो, डीबीटीमध्ये मेमो, म्हणजे लांब मजकूर. या दोन्ही जिवापाड जपा. एनटीएक्स ही नुसती इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची. ती बिघडली तर उडवा, प्रोग्राममधल्या रीइंडेक्सने परत तयार होते.

नवी डिस्क म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि ४० पिनचा आयडीई अडॅप्टर पुरतो. २ जीबीचं कार्ड भरपूर झालं, एमएस-डॉस ६.२२ चं पार्टिशन तसंही २ जीबीच्या वर जात नाही. ४८६ च्या काळातलं मशीन असेल तर बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला) ५०४ एमबीच्या पुढचं बहुधा दिसतच नाही, तेवढंच पार्टिशन करा. जुनी इमेज थेट कार्डावर ओतायचा मोह टाळा. कार्डाची सिलिंडर-हेड-सेक्टर मांडणी (डिस्कवरची जागा मोजायची पद्धत) वेगळी असते, बूट सेक्टरमधले (डिस्कच्या सुरुवातीच्या, मशीन सुरू करणाऱ्या भागातले) आकडे जुळत नाहीत आणि मशीन सुरू होता होता अडकतं. कार्ड त्याच मशीनला जोडून डॉसची पार्टिशन करायची कमांड एफडिस्क चालवा, पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह (सुरू होण्याजोगं) करा, मशीन रीस्टार्ट करा आणि मगच फॉरमॅट. रीस्टार्ट गाळलं तर डॉसला जुनंच पार्टिशन टेबल दिसत राहतं.

डॉस कोणतं टाकायचं? फ्रीडॉस. १९९४ पासून चालू असलेला हा प्रकल्प मोफत आहे, मोठ्या डिस्कसाठीची फॅट३२ फाइल पद्धत समजतो, आणि १.४ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. मशीन यूएसबीवरून सुरू होत नसेल तर सीडी वापरा. मशीन नवं असून बायोसऐवजी फक्त त्याची नवी जागा घेणारं यूईएफआय असेल, तर फ्रीडॉस त्यावर थेट सुरूच होणार नाही. तिथे लिनक्सवर डॉसबॉक्स-एक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) हाच मार्ग.

खरी कसोटी मेमरीची. मोठ्या प्रोग्रामसाठी ६४० केबीपैकी ६०० च्या आसपास मोकळी हवी. आकडा 'मेम' कमांड दाखवते. कॉन्फिग फाइलमध्ये जेम्मेक्स हा मेमरी मॅनेजर लोड करा, डॉस हाय आणि यूएमबी (डॉस आणि ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मेमरीत हलवणाऱ्या सेटिंग) चालू करा, माउस ड्रायव्हर लोडहायने वर ढकला. जेम्मेक्ससोबत हायमेमएक्स हा दुसरा मेमरी ड्रायव्हर लावू नका, त्याचं काम त्यातच आहे. ईएमएस (जादा मेमरी वापरायची जुनी पद्धत) बंद करणारं 'नोईएमएस' विचार करूनच लिहा, कारण क्लिपरचे काही प्रोग्राम ती वापरतात.

'डॉस एरर ४' आला तर बिघाड नाही, उघड्या फाइलींची मर्यादा संपली आहे. प्रत्येक एनटीएक्ससुद्धा एक फाइल मोजली जाते. कॉन्फिगमध्ये फाइल्सचा आकडा १२० करा आणि सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटो बॅच फाइलमध्ये क्लिपरच्या 'एफ' सेटिंगलाही तेवढाच द्या. दोन्हींत जो कमी, तोच चालतो. टर्बो पास्कल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रामला वेगवान प्रोसेसरवर 'रनटाइम एरर २००' येतो. त्याचं सीआरटी युनिट (पडदा सांभाळणारा तयार कोड) सुरुवातीला वेग मोजतं, भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही. त्यासाठी तयार पॅच मिळतात. मूळ फाइलची प्रत ठेवून लावा.

प्रिंटर पॅरलल पोर्टचाच ठेवा. यूएसबी प्रिंटर एलपीटी१ वर (डॉसमधलं पहिल्या पॅरलल पोर्टचं नाव) दिसत नाही. बायोसमध्ये पोर्टचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरला इशारा देणारी लाइन) ७ ठेवा.

राहिला डिस्क कॅशेचा, म्हणजे डिस्कवर लिहायचं काम आधी मेमरीत साठवण्याचा, प्रश्न. एमएस-डॉसवर स्मार्टड्राइव्ह हा कॅशे प्रोग्राम असेल तर त्याचं उशिरा लिहिणं '/एक्स' देऊन बंद करा. बिल सेव्ह झाल्याबरोबर लाइट गेली आणि ते कॅशेतच अडकलं असेल, तर दिवसाचा हिशेब जुळणार नाही.