नवीन कोच आलाय, आता आपल्या कॉलेजची फुटबॉल टीम सुधारणार का? हे कसं ओळखायचं

अमेरिकेत ज्या युनिव्हर्सिटीत तुम्ही शिकलात किंवा मुलं शिकतायत तिथली फुटबॉल टीम (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नाही) वर्षानुवर्षं मार खातेय, नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या कोचला नारळ दिला, नवीन आणला, टोपी घालून फोटो झाले, बँड वाजला, आणि आता ग्रुपवर सगळे एकच विचारतायत की या वेळी तरी काही होईल का. नव्याचे नऊ दिवस असतातच, त्यामुळे त्या पत्रकार परिषदेवरून काही ठरवू नका. कोचचं नाव किती मोठं आहे यावरून तर अजिबातच नको. बिल बेलिचिक सारखा माणूस, एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये पेट्रियट्सचा हेड कोच म्हणून 6 सुपर बोल (तिथली फायनल) जिंकलेला, डिसेंबर 2024 ला नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीला आला, आणि 2025 चा पहिला सीझन 4-8 गेला (म्हणजे 4 जिंकल्या 8 हरल्या, पुढे सगळे आकडे असेच वाचा). नाव बघू नका तर मग बघायचं काय, तेच खाली सांगतोय, साधारण ज्या क्रमाने बघावं त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी कोच बाजूला ठेवा आणि टीम का हरत होती ते शोधा, कारण दोन वेगळे आजार असतात आणि दोघांना एकच औषध चालत नाही. एक म्हणजे पोरं चांगली आहेत पण शिकवणारा धड नव्हता. ऑबर्न 2012 ला 3-9 होती, गस मालझान आला आणि 2013 ला तीच टीम 12-2 होऊन थेट नॅशनल चॅम्पियनशिपच्या मॅचपर्यंत गेली, कारण माल आधीच घरात होता. दुसरा आजार म्हणजे घरच रिकामं. कॅन्ससचं बघा, 2010 ते 2020 मध्ये एकाही सीझनला 3 पेक्षा जास्त मॅच जिंकल्या नव्हत्या, आणि लान्स लायपोल्ड तिथे आला तो 30 एप्रिल 2021 ला, म्हणजे स्प्रिंग प्रॅक्टिसचा काळ हातातून गेलेला, नवीन पोरं आणायचा वेळ जवळपास संपलेला, अशा जागी पहिल्या वर्षी चमत्कार मागणं हा त्या माणसावर अन्याय आहे. आपली टीम यातली कोणती हे कळायला मागच्या तीन-चार वर्षांचं कॉलेजचं रिक्रूटिंग रँकिंग (शाळेतून किती चांगली पोरं आणली याचा क्रमांक) काढा आणि त्याच कॉन्फरन्समधल्या (ज्या गटात आपली टीम दरवर्षी खेळते त्यातल्या) बाकी टीम्सच्या बाजूला ठेवून बघा, रँकिंग मधल्या फळीत आणि निकाल तळाला असेल तर पहिल्याच वर्षी फरक दिसायला हवा, रँकिंगही तळालाच असेल तर घाई करू नका.

आता कोचचा बायोडेटा. इथे बहुतेक लोक फक्त शेवटच्या नोकरीचा रेकॉर्ड बघतात आणि फसतात. बघायचं हे की या माणसाने आधी कधी पडलेली टीम हातात घेऊन उभी केलीय का, आणि एकदाच केलीय की जिथे गेला तिथे. कर्ट सिग्नेटी इंडियानाला आला 2023 च्या शेवटी, तेव्हा तिथल्या आधीच्या तीन सीझनची बेरीज 9-27 होती, आणि बाहेर बऱ्याच जणांना तो माहीतही नव्हता. पण त्याचा मागचा प्रवास बघितला असता तर सगळं लिहिलेलं होतं, डिव्हिजन टू म्हणजे खालच्या पातळीवर आययूपी या कॉलेजात जिंकत राहिला, मग एलॉन 2-9 वरून पहिल्याच वर्षी 8-4 केली, मग जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीत पण जिंकत राहिला, म्हणजे छोट्या जागा, मोठ्या जागा, सगळीकडे तेच. इंडियानाला 2024 ला 11-2 आणि 12 टीम्सच्या प्लेऑफमध्ये (नॅशनल चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेऱ्या), आणि 2025 च्या सीझनला 16-0, नॅशनल चॅम्पियन! कॉलेज फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठा पालट मला तरी आठवत नाही.

पण बायोडेटा सुद्धा पूर्ण खात्री देत नाही हे लक्षात ठेवा. स्कॉट फ्रॉस्टने यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा) ही 0-12 झालेली टीम दोन वर्षांत 13-0 केली, आणि मग स्वतःच्याच जुन्या कॉलेजात, नेब्रास्काला गेला, तिथे 16-31 होऊन सप्टेंबर 2022 ला बाहेर. मॅट रूलचं तर अजून विचार करण्यासारखं आहे, टेम्पलला 2-10, मग 6-6, मग 10-4, नंतर बेलरला 1-11, मग 7-6, मग 11-3, इतका साचेबद्ध माणूस की तिसऱ्या वर्षी उडी येणारच असं सगळे धरून होते, आणि नेब्रास्काला 2023 ला 5-7, 2024 ला 7-6, 2025 ला परत 7-6. वाईट नाही, 2016 नंतर पहिल्यांदा बाउल (सीझननंतरची खास मॅच, पुरेशा जिंकलेल्या टीम्सना मिळणारी) खेळली ती टीम, पण उडी आली नाही. जागा बदलली, कॉन्फरन्स बदलली, की त्याच पद्धतीला वेगळं फळ येतं, म्हणून एकट्या बायोडेटावर थांबू नका.

याच्या पुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली जाणारी: कोच सोबत कोणाला घेऊन आला. डिसेंबर-जानेवारीत रोज थोडा वेळ यालाच द्या. ऑफेन्स (हल्ला) आणि डिफेन्सचे (बचाव) कोऑर्डिनेटर, म्हणजे ती बाजू सांभाळणारे असिस्टंट कोच, कोण, ते याच्यासोबत आधी काम केलेले आहेत का की इकडून तिकडून गोळा केलेत, स्ट्रेंथ कोच (व्यायाम करून घेणारा) कोण, कारण हिवाळाभर पोरं कोचपेक्षा त्या स्ट्रेंथ कोचसमोर जास्त असतात. सिग्नेटीने जेम्स मॅडिसनहून दोन्ही कोऑर्डिनेटर आणले आणि 13 खेळाडू पण आणले. म्हणजे नवीन जागी पहिल्या दिवशीच ड्रेसिंग रूममध्ये डझनभर पोरं अशी होती ज्यांना कोचला काय हवंय ते माहीत होतं आणि जे बाकीच्यांना सांगू शकत होते की बाबा इथे प्रॅक्टिस अशी असते. ही गोष्ट पैशाने सहज विकत मिळत नाही.

ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादी) आल्यापासून सगळं वेगवान झालंय हे खरं. 2021 पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून लगेच खेळू शकायला लागले, 2024 पासून त्या एकदाच्या अटीलाही अर्थ राहिला नाही. कोच बदलला की त्या टीमच्या पोरांना बाहेर पडायला 15 दिवसांची वेगळी विंडो पण मिळते. त्यामुळे पहिली परीक्षा तिथेच होते, या विंडोमध्ये जुन्या टीममधले जे तीन-चार खरंच चांगले होते ते राहिले का गेले? येणाऱ्यांच्या बातम्या मोठ्या होतात, पण मी आधी राहणाऱ्यांची यादी बघतो. चांगली पोरं कोचशी बोलून थांबली असतील तर खोलीतली हवा बदललीय असं समजा.

आणि येणारे कोण यात पोझिशन बघा. रिसीव्हर (पास पकडणारे) आणि कॉर्नरबॅक (त्यांना अडवणारे) आणले की हायलाइट छान बनतात, पण मॅच लाइनवर (सगळ्यात पुढे समोरासमोर धडकणारी दांडगी पोरं) जिंकली जाते, ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह दोन्ही. कोलोराडोचं उदाहरण घ्या. 2022 ला 1-11 होती, डिऑन सँडर्स आला, 50 च्या वर जुनी पोरं गेली आणि जवळपास अख्खी टीम नवी आली, मुलगा शेडूर क्वार्टरबॅक (पास टाकणारा), सोबत ट्रॅव्हिस हंटर. 2023 ला पहिल्या तीन मॅच जिंकल्या, सगळा देश तिकडेच बघत होता, आणि शेवट 4-8, शेडूर त्या सीझनला 50 हून जास्त वेळा सॅक झाला (बॉल हातात असतानाच पाडला गेला) कारण पुढची लाइनच धरत नव्हती. 2024 ला 9-4, हंटरला हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार). मग दोघेही एनएफएलला गेले आणि 2025 ला 3-9. डिऑनने त्या गावात जान आणली हे मी मनापासून मानतो, पण टीम उभी राहिली का हे बघायचं असेल तर स्टार गेल्यानंतरचं वर्ष बघायला लागतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर कोचचा हात नसतो पण त्याचं नशीब तिथेच अडकलेलं असतं. जुलै 2021 पासून एनआयएल (खेळाडूने स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावायची मुभा) आलं, आणि जुलै 2025 पासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा. ही मर्यादा आहे, तेवढे खर्च करायलाच पाहिजेत असं नाही, आणि पडलेल्या टीमच्या कॉलेजात बऱ्याचदा तेवढे नसतातच. कॉलेज मर्यादेपर्यंत जाणार का, त्यातलं फुटबॉलला किती, असिस्टंट कोचच्या पगाराचं बजेट वाढवलंय का, हे अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या बोलण्यातून कळतं, ते शोधून वाचा. कोचला मोठा करार आणि असिस्टंटना जुनाच पगार असं असेल तर मला काळजी वाटते.

सप्टेंबरला मॅच सुरू झाल्या की काय करायचं? पहिल्या दोन-तीन मॅच नॉन-कॉन्फरन्स असतात, त्यातल्या एक-दोन मुद्दाम सोप्या ठेवलेल्या, त्यामुळे 3-0 ने हुरळून जायचं नाही. सोप्या मॅच ठेवणं यात काही कमीपणा नाही हं, जिंकायची सवय लागायला आणि बाउलसाठी लागणाऱ्या 6 विजयांकडे जायला त्या कामाच्या असतात, बिल स्नायडरने कॅन्सस स्टेटला हेच मुद्दाम केलं. फक्त त्या मॅचमध्ये स्कोअर न बघता दुसरं काहीतरी बघा. स्नॅप झाला (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला) की बॉलच्या मागे डोळे नेऊ नका, पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनकडे बघा. थर्ड अँड वन आहे (तिसरा प्रयत्न, एकच यार्ड हवंय), सगळ्यांना माहितीये रन येणार (बॉल घेऊन पळणार), तेव्हा आपली लाइन पुढे सरकते की जागेवरच मागे रेलते? आधी डाव्या गार्डचे पाय बघा, मग सेंटरचे (सेंटर मधला, गार्ड त्याच्या बाजूचा), दोन-तीन सेकंदांचाच खेळ आहे तो. मागच्या वर्षी ते पाय मागे जात होते आणि यंदा एक-एक पाऊल पुढे जातायत, तर निकाल काहीही असो, काम चालू आहे. दुसरं म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये, मॅच हातातून गेलेली असताना डिफेन्सची पोरं बॉलकडे पळतायत की चालतायत, हे टीव्हीवर सुद्धा दिसतं आणि स्टँडमध्ये बसलात तर स्वच्छ दिसतं. तिसरं, फंबल झाल्यावर (हातातला बॉल पडल्यावर) साइडलाइनला काय होतं, कोच त्या पोराला पुढच्या वेळी बॉल आपल्याकडे आला की परत पाठवतो का, आणि बाकीचे त्याच्याजवळ येऊन उभे राहतात का.

कॅन्सस आणि टेक्सासची नोव्हेंबर 2021 ची मॅच मिळाली तर नक्की बघा, हरणारी टीम उलटायला लागते तेव्हा कशी दिसते ते त्यात आहे. कॅन्सस 1-8 होती, कॉन्फरन्समध्ये दुसऱ्यांच्या मैदानावर सलग 56 मॅच हरलेली. ओव्हरटाइममध्ये टेक्सासने आधी टचडाउन केला, कॅन्ससनेही केला, आता एक पॉइंटची किक मारून बरोबरी करायची की एकाच प्रयत्नात सगळं लावून जिंकायला दोन पॉइंटला जायचं, आणि लायपोल्ड दोनला गेला. जेलन डॅनियल्सचा पास जॅरेड केसीने पकडला, हा केसी वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप सुद्धा नसलेला पोरगा! 57-56. सीझन तरीही 2-10 च संपला आणि कागदावर ते वर्ष वाया गेल्यासारखंच दिसतं. पुढच्या वर्षी 6-7, त्याच्या पुढच्या वर्षी 9-4. नंतर 2024 आणि 2025 ला दोन्ही वेळा 5-7, तेही सांगायला पाहिजे, कारण वर आलेली टीम वर टिकवणं हे वेगळंच काम आहे.

डिसेंबरला सीझन संपला की हिशोबाला बसा. हरलेल्या मॅच किती पॉइंटने हरलो ते मागच्या वर्षाच्या बाजूला लिहा. पूर्वी 30 ने हरत होतो आणि आता 7 ने, तर ती सुधारणा आहे, विजय तेवढेच असले तरी. स्टॅनफर्डला जिम हारबॉ आला 2007 ला, आधीची टीम 1-11, त्याचे पुढचे सीझन 4-8, 5-7, 8-5 आणि 2010 ला 12-1, एकेक पायरी. टर्नओव्हर (बॉल एका टीमकडून दुसरीकडे जाणं) पण बघा, जमिनीवर पडलेला बॉल कोणाच्या हाताला लागतो यात नशीब बरंच असतं, त्यामुळे खूप टर्नओव्हर मिळून जिंकलेल्या मॅचवर पुढचं वर्ष बांधू नका. थोडक्यात हरलेल्या मॅचही बऱ्याचदा पुढच्या वर्षी उलटतात. बऱ्याचदा, नेहमी नाही. फ्रॉस्टच्या नेब्रास्काने 2021 ला 3-9 केलं, नऊच्या नऊ मॅच 9 किंवा त्याहून कमी पॉइंटने हरले, सीझनभरात केलेले पॉइंट खाल्लेल्या पॉइंटपेक्षा जास्त होते, सगळे म्हणाले पुढच्या वर्षी उलटणार, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या मॅचनंतर कोच घरी. एक वर्ष असं झालं तर नशीब म्हणा, तीन-चार वर्षं तेच चाललं तर किकिंग, घड्याळाचा हिशोब, शेवटच्या हल्ल्यात डाव कोणते निवडले, यात खोट आहे आणि ती कोचचीच आहे.

किती वेळ द्यायचा? स्नायडरने 1989 ला कॅन्सस स्टेट घेतली तेव्हा ती टीम सलग 27 मॅच जिंकलीच नव्हती, पहिलं वर्ष 1-10, मग 5-6, मग 7-4, पाचव्या वर्षी बाउल जिंकला. आज कोणाला पाच वर्षं मिळत नाहीत आणि पोर्टलमुळे तेवढी लागूही नयेत. माझं मत, पहिल्या वर्षी फक्त लाइन आणि पळणं बघा, दुसऱ्या वर्षी 6 विजय मागा, घर अगदी रिकामं होतं तर तिसऱ्या वर्षी मागा, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हरण्याचं अंतरही कमी झालं नसेल आणि दरवर्षी कोऑर्डिनेटर बदलत असतील तर आशा कमी आहे हे मान्य करा. आणि गाडी खरंच रुळावर आली तर दुसऱ्याच सीझनच्या ऑक्टोबरपासून एक गोष्ट तपासत राहा, कोचच्या करारात बायआउट (मध्येच सोडून गेला तर भरायची रक्कम) किती आहे, कारण तोपर्यंत मोठी कॉलेजं त्याला फोन करायला लागलेली असतात, आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने नोव्हेंबर संपायच्या आत नवीन करार केला नाही तर तुम्हाला हा सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून लावायला लागेल.